कंसातला तोटा, ऐंशी अक्षरांची ओळ

१८ ऑक्टोबर २०१२. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे साडेबारा वाजले होते आणि शेअर बाजार भरात होता. गूगलचे तिमाही निकाल चार वाजता बाजार बंद झाल्यावर यायचे होते. ते साडेबारालाच येऊन धडकले. सुरुवातीलाच ठळक मोठ्या अक्षरांत तीन शब्द होते : ‘पेंडिंग लॅरी कोट’. म्हणजे मुख्याधिकारी लॅरी पेज यांचं वाक्य इथे टाकायचं बाकी आहे. कच्चा मसुदाच सरकारदरबारी दाखल झाला होता. आकडेही अपेक्षेपेक्षा कमी होते. शेअर कोसळला, व्यवहार काही तास थांबवावे लागले आणि दिवसअखेर भाव सुमारे ८ टक्क्यांनी खाली राहिला. फायलिंग करणाऱ्या आर. आर. डॉनेली या छपाई कंपनीने आपल्या परवानगीशिवाय मसुदा पाठवला, असं गूगलने जाहीर केलं.

हा मसुदा जिथे दाखल झाला ती यंत्रणा म्हणजे एडगर. अमेरिकेच्या ‘सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन’ची, म्हणजे त्यांच्या ‘सेबी’ची, इलेक्ट्रॉनिक दप्तरखोली. तिथे रोज हजारो फायलिंग येतात. ओळीत किती अक्षरं बसवायची, कंस कुठे बंद करायचा, सही कशी टाइप करायची, या सगळ्याचे तिथे नियम आहेत. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटेल. पण मोठ्या फंडाचा मॅनेजर आणि निवृत्तीनंतर चार शेअर घेतलेले आजोबा यांच्या हाती एकाच क्षणी एकच, सारखं वाचता येणारं पान पडतं, ते याच कामामुळे. म्हणून हे काम करणाऱ्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांच्या जगातल्या गमती सांगायची हौसही.

स्वातंत्र्याहून जुनी छपाई

संगणक येण्याआधी हे काम ‘फायनान्शियल प्रिंटर’ करायचे. त्यातली बाउन अँड कंपनी १७७५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघायच्या आधीच तिचं दुकान थाटलेलं होतं. पुढे २०१०मध्ये ती डॉनेलीने विकत घेतली. आयपीओच्या आदल्या रात्री वकील, बँकर आणि हिशेबनीस यांनी प्रिंटरच्या कचेरीत ठाण मांडायचं आणि पहाटेपर्यंत प्रुफं तपासायची, हा वॉल स्ट्रीटचा जुना रिवाज.

टाइपचा आकारही कायद्याने ठरलेला आहे. छापील प्रॉस्पेक्टसचा मजकूर किमान १० पॉइंटात हवा, आर्थिक तक्ते ८ पॉइंटापर्यंत चालतील आणि दोन ओळींत किमान २ पॉइंटांची मोकळी जागा हवी. धोक्याच्या सूचना मुंगीच्या अक्षरांत लपवता येऊ नयेत, म्हणून ही तजवीज.

ऐंशी आणि एकशे बत्तीस

एडगरचा प्रायोगिक अवतार १९८४चा. १९९३पासून कंपन्यांवर टप्प्याटप्प्याने सक्ती सुरू झाली आणि मे १९९६पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या नोंदणीकृत कंपन्या तिच्या कक्षेत आल्या. तेव्हाची फाइल म्हणजे निव्वळ आस्की मजकूर. ठळक नाही, तिरपा नाही, रंग नाही, चित्र नाही. मजकुराच्या एका ओळीत मोकळ्या जागा धरून जास्तीत जास्त ८० अक्षरं आणि तक्त्याची रुंदी फार तर १३२ अक्षरं. हे आकडे नियमपुस्तकात आजही आहेत.

आता एक अडचण बघा. कायदा म्हणतो की अमुक इशारा ठळक अक्षरांत छापा, आणि यंत्राला ठळक अक्षर ठाऊकच नाही. त्यावर नियम ३०७ने तोडगा काढला : जिथे ठळक हवं तिथे कॅपिटल अक्षरं टाका, कायद्याची पूर्तता झाली. जुन्या फायलिंगमध्ये अख्खेच्या अख्खे परिच्छेद कॅपिटलमध्ये ओरडताना दिसतात, त्याला या नियमाचाही हातभार आहे. आपल्या देवनागरीत कॅपिटलच नाहीत, तेव्हा हा तोडगा आपल्याकडे मुळात सुचलाच नसता.

चित्रांचं काय? नियम ३०४ सांगतो की छापील अहवालात आलेख असेल आणि इलेक्ट्रॉनिक प्रतीत तो नसेल, तर त्यात काय दिसतं हे शब्दांत किंवा तक्त्यात प्रामाणिकपणे मांडा. चेअरमनसाहेबांचा चढता आलेख असा शब्दांत उतरवायचा तर रेघ कुठून निघाली, कुठे पोहोचली आणि मध्ये कुठे घसरली, हे सगळं लिहावं लागतं. मला हा नियम फार आवडतो. पानाचा रंग, टाइपची ढब आणि कंपनीचं बोधचिन्ह यांची मात्र सूट आहे, त्यांचं वर्णन करावं लागत नाही.

बदललेला मजकूर दाखवण्याचीही पद्धत ठरलेली आहे. सुधारित प्रत पाठवताना बदललेल्या परिच्छेदाच्या आधी आणि नंतर कोनी कंसात ‘आर’ हे अक्षर टाकायचं. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तीनशे पानं पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागत नाहीत.

कंस कुठे बंद करायचा?

जून १९९९पासून एडगर एचटीएमएल स्वीकारू लागलं. पण आजही त्यात जावास्क्रिप्ट चालत नाही, कुठलीही हलती-बोलती करामत चालत नाही आणि फाइलचं नाव छोट्या लिपीतल्या अक्षरांतच हवं. वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की त्यातली वाकडी अवतरणचिन्हं आणि लांब डॅश आस्कीच्या १२८ चिन्हांत बसत नाहीत. प्रत्येकाच्या जागी त्याचा सांकेतिक क्रमांक टाकावा लागतो. आपलं रुपयाचं चिन्ह २०१०मध्ये आलं आणि युनिकोडने त्याला जागा दिली. एचटीएमएलमध्ये त्याचा क्रमांक आहे ८३७७. मुंबई आयआयटीत शिकणाऱ्या उदय कुमार यांनी रेखाटलेलं ते चिन्ह आस्कीला ओळखता येत नाही. पण पौंड आणि युरोही आस्कीच्या दाराबाहेरच आहेत, तेव्हा वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

खरी कारागिरी बघायची तर नफा-तोट्याचा तक्ता उघडा. पडद्यावर वर्षांचे तीन रकाने दिसतात. आत कोड पाहिला तर त्याच तक्त्यात सहज नऊ-दहा रकाने निघतात. कारण डॉलरचं चिन्ह एका रकान्यात असतं, आकडा दुसऱ्या आणि बंद होणारा कंस तिसऱ्या. हिशेबात उणे आकडा कंसात लिहायची रीत आहे. कंस आकड्याला चिकटवून त्याच रकान्यात ठेवला, तर उजवीकडून जुळवलेले आकडे एका अक्षराने सरकतात आणि एककाखाली एकक, दशकाखाली दशक येत नाही. म्हणून त्या एवढ्याशा कंसाला स्वतंत्र घर. चारशे कोटींचा तोटा आणि चारशे कोटींचा नफा यांत कागदावर फरक असतो तो या दोन वाकड्या रेघांचाच. त्या जागेवर आहेत की नाहीत हे रात्री जागून तपासणारं कोणीतरी असतं.

सही न करता सही

फायलिंगच्या शेवटी मुख्याधिकाऱ्याचं नाव येतं आणि त्याआधी एक तिरकी रेघ, ‘एस’ अक्षर, पुन्हा तिरकी रेघ. ही टाइप केलेली सही. मात्र अधिकाऱ्याने फाइल जायच्या आधी किंवा त्याच वेळी खरी सही केलेली असावी लागते आणि तो कागद कंपनीला पाच वर्षं जपून ठेवावा लागतो. कमिशनने मागितला की दाखवायचा. खरी सही शाईचीच हवी, ही अट २०२०च्या नोव्हेंबरमध्ये सैल झाली आणि त्या कागदावर इलेक्ट्रॉनिक सही चालू लागली. करोनाने जे अनेक रिवाज मोडले, त्यातला हा एक.

सगळं इलेक्ट्रॉनिक झालं असं वाटत असताना फॉर्म १४४ मात्र कागदावर रेंगाळला होता. कंपनीतली आतली माणसं आपल्याकडचे निर्बंध असलेले शेअर विकायला काढतात, तेव्हा हा फॉर्म भरतात. एप्रिल २०२३पर्यंत तो टपालाने पाठवता येत असे.

पहाटे तीनची डेडलाइन

एडगरचे दरवाजे कामाच्या दिवशी सकाळी सहाला उघडतात आणि रात्री दहाला बंद होतात. बहुतेक फायलिंग संध्याकाळी साडेपाचच्या आत गेली तरच त्या दिवसाची तारीख लागते, एक मिनिट उशीर झाला की दुसऱ्या कामाच्या दिवसाची. न्यूयॉर्कचे साडेपाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे तीन आणि हिवाळ्यात चार. या वेळेच्या फरकावर भारतात एक अख्खा उद्योग उभा राहिला. २००६मध्ये डॉनेलीने चेन्नईत काम करणारी ‘ऑफिसटायगर’ ही कंपनी विकत घेतली. तिकडचा वकील मसुदा पाठवून झोपायला जातो तेव्हा इकडे सकाळ झालेली असते आणि तो उठेपर्यंत तक्ते जुळून तयार असतात.

पाठवलेली फाइल यंत्राच्या तपासणीत नापास झाली तर तिच्यावर ‘सस्पेंडेड’ असा शेरा पडतो आणि ती दाखल झालीच नाही असं धरलं जातं. चूक शोधा, दुरुस्त करा, पुन्हा पाठवा. तोवर घड्याळ थांबत नाही. वार्षिक अहवाल वेळेत होणारच नसेल तर तसं कळवायचाही वेगळा फॉर्म आहे, त्यावर १५ दिवसांची मुदत मिळते.

गणितज्ञांची खोडी

एप्रिल २००४मध्ये गूगलने आयपीओची कागदपत्रं दाखल केली, तेव्हा उभारायची रक्कम लिहिली होती २,७१,८२,८१,८२८ डॉलर. गणितवाल्यांनी लगेच ओळखलं, हा तर ‘ई’ हा स्थिरांक, २.७१८२८१८२८. पुढच्या वर्षी कंपनीने आणखी शेअर विकायला काढले, नेमके १,४१,५९,२६५. पाय म्हणजे ३.१४१५९२६५, त्यातल्या दशांश चिन्हानंतरचे आकडे. त्याच आयपीओच्या काळात संस्थापकांची मुलाखत ‘प्लेबॉय’ मासिकात छापून आली. विक्रीच्या तोंडावर असं जाहीर बोलणं नियमांच्या कचाट्यात सापडेल म्हणून कंपनीने ती अख्खी मुलाखत प्रॉस्पेक्टसच्या परिशिष्टात घालून टाकली.

आणि मार्च २०२१मध्ये टेस्लाने महत्त्वाच्या घडामोडी कळवायच्या ८-के फॉर्मवर कळवलं की इलॉन मस्क यांचं पद यापुढे ‘टेक्नोकिंग’ आणि वित्तप्रमुखांचं ‘मास्टर ऑफ कॉइन’. साच्यात सगळं बरोबर होतं, त्यामुळे यंत्राने बिनतक्रार स्वीकारलं.

बहिणींना कळेल असं

१९९८मध्ये कमिशनने आणखी एक सक्ती केली : प्रॉस्पेक्टसचं मुखपृष्ठ, गोषवारा आणि जोखमींचा भाग साध्या इंग्रजीत लिहा. वाक्यं छोटी ठेवा, रोजचे शब्द वापरा, वकिली भाषा टाळा, एकात एक नकार गुंतवू नका, किचकट गोष्ट तक्त्यात किंवा मुद्द्यांत मांडा. सोबत एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली आणि तिची प्रस्तावना गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी लिहिली. कंपनीचा वार्षिक अहवाल लिहिताना आपण आपल्या डोरिस आणि बर्टी या बहिणींना समोर धरतो, असं त्यांनी त्यात सांगितलं. बहिणी हुशार, पण हिशेबाच्या जाणकार नव्हेत. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांच्या माहितीपत्रकांनाही असा नियम लागला तर मी पहिल्या दिवशी टाळ्या वाजवीन.

आकड्यांना नावं देणारा हिशेबनीस

एचटीएमएलमधला आकडा माणसाला वाचता येतो, पण हा नफा आहे की कर्ज, हे संगणकाला कळत नाही. १९९८मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरातल्या चार्ल्स हॉफमन या सनदी लेखापालाने त्यावर उपाय सुचवला : प्रत्येक आकड्यावर तो काय आहे ते सांगणारी चिठ्ठी लावा. त्यातून एक्सबीआरएल जन्माला आलं. २००९मध्ये कमिशनने मोठ्या कंपन्यांपासून त्याची सक्ती सुरू केली. पुढे वाचायचं पान आणि चिठ्ठ्या एकाच फाइलीत विणणारं ‘इनलाइन’ रूप आलं आणि २०१९पासून तेही बंधनकारक होत गेलं.

या कामातल्या चुका फार मासलेवाईक असतात. तक्त्यावर ‘आकडे दशलक्षांत’ असं लिहिलेलं असतं आणि आत १,२३४ हा आकडा असतो. चिठ्ठीत ‘स्केल’ म्हणून ६ द्यायचं, म्हणजे पुढे सहा शून्यं धरली जातात. चुकून ३ दिलं की पडद्यावर तेच १,२३४ दिसतात, पण संगणक कंपनीला हजारपट लहान समजतो. नुसत्या डोळ्यांनी ही चूक सापडत नाही.

दुसरी चूक उण्याची. यंत्रसामग्रीच्या खरेदीवर गेलेला पैसा रोख प्रवाहाच्या तक्त्यात कंसात दाखवतात. नवशिका लगेच चिठ्ठीतही उणे देतो. पण त्या चिठ्ठीचं नावच ‘खरेदीसाठी दिलेली रक्कम’ असं असतं, पैसा बाहेर गेला हे नावातच आलं. म्हणून मूल्य अधिकच हवं. उणे दिलं तर अर्थ होतो की यंत्रं विकत घेताना कंपनीला पैसे मिळाले. निव्वळ नफ्याच्या चिठ्ठीत मात्र तोटा उणेच लिहायचा. कंस दोन्हीकडे सारखाच दिसतो, अर्थ वेगळा. इथे हिशेबही कळावा लागतो आणि कोडही, आणि अशी माणसं कुठल्याही कचेरीत मोजकीच असतात.

चिठ्ठ्या सगळीकडे लागत नाहीत. निकालांच्या प्रसिद्धिपत्रकाला त्या बंधनकारक नाहीत. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी टॅक्सीसेवा देणाऱ्या लिफ्टच्या पत्रकात नफ्याचं प्रमाण ५०० बेसिस पॉइंटांनी, म्हणजे ५ टक्क्यांनी वाढेल, असं छापलं गेलं. खरा आकडा ५० बेसिस पॉइंट होता, म्हणजे अर्धा टक्का. एका जादा शून्यावर शेअर बाजारोत्तर व्यवहारांत ६० टक्क्यांहून अधिक उसळला. थोड्याच वेळात विश्लेषकांशी बोलताना वित्तप्रमुखांनी चूक सुधारली.

खोटी बोली, खरी चोरी

१४ मे २०१५ रोजी एडगरवर एक फायलिंग आलं : एक गुंतवणूक कंपनी सौंदर्यप्रसाधनं विकणारी एव्हॉन विकत घेणार, शेअरमागे १८.७५ डॉलर देऊन. बाजारभावाच्या जवळजवळ तिप्पट. भाव सुमारे २० टक्क्यांपर्यंत चढला. मग लोकांनी नीट वाचलं आणि स्पेलिंगच्या चुका मोजायला सुरुवात केली. तशी गुंतवणूक कंपनी अस्तित्वातच नव्हती. यंत्र रुंदी आणि खुणा तपासतं, खरं-खोटं तपासणं त्याच्या हाती नाही.

चोरीची गोष्ट यापेक्षा गंभीर. खरं फायलिंग करण्याआधी ‘टेस्ट फायलिंग’ करून बघायची सोय आहे, मांडणी नीट बसते का ते पाहायला. काही कंपन्या त्यात खरेच, अजून जाहीर न झालेले आकडे टाकत. २०१६मध्ये हॅकर नेमके तिथे शिरले आणि १५७ निकाल बाजाराच्या आधी वाचून व्यवहार करण्यात आले. बेकायदा नफा ४१ लाख डॉलरहून अधिक. आता एडगरमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाने, दुहेरी ओळख पटवून आत यावं लागतं. सप्टेंबर २०२५पासून त्याची सक्ती झाली.

फुकट मिळालं ते एका हट्टी माणसामुळे

सुरुवातीला फायली इलेक्ट्रॉनिक झाल्या तरी त्या सामान्य माणसाला सहज मिळत नव्हत्या. खासगी कंपन्यांना चांगले पैसे मोजावे लागत. कार्ल मलमुड या माणसाला हे पटलं नाही. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचं अनुदान मिळवून त्याने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या साथीने १९९३च्या सुमारास ही सगळी कागदपत्रं इंटरनेटवर फुकट ठेवायला सुरुवात केली. दोनेक वर्षांत हजारो लोकांना त्याची सवय लागली. मग त्याने जाहीर केलं की आता आपण ही सेवा बंद करतो आहोत, हे काम सरकारचं आहे, हवं असेल तर सरकारला सांगा. लोकांनी सांगितलं. १९९५मध्ये कमिशनने ती सेवा स्वतःकडे घेतली, तीही मलमुडचीच मदत घेऊन. आज जगातला कोणीही एक पैसा न देता हे दप्तर उघडू शकतो. माझ्या लेखी या सगळ्या कहाणीतला नायक तोच.

आपल्या गावची पानं

या दप्तरात मराठी मुलखाशी नातं असलेल्या कंपन्या आहेत. १९८१मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस मार्च १९९९मध्ये नॅसडॅकवर गेली आणि तिथे नोंदणी करणारी पहिली भारतीय कंपनी ठरली. मुंबईची एचडीएफसी बँक २००१पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात आहे. आपल्याकडच्या अहवालात बँक कोटींत बोलते आणि अमेरिकेच्या २०-एफ या वार्षिक अहवालाच्या फॉर्ममध्ये दशलक्षांत. एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष, तेव्हा प्रत्येक आकड्याचं दशांश चिन्ह एक घर सरकवावं लागतं. टाटा मोटर्स जानेवारी २०२३मध्ये न्यूयॉर्क बाजारातून बाहेर पडली, पण तिचे जुने २०-एफ आजही वाचता येतात.

आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१०-११च्या हिशेबांपासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, तसंच ५ कोटींचं भरणा भांडवल किंवा १०० कोटींची उलाढाल असलेल्या कंपन्यांना एक्सबीआरएल लागू केलं. बँका, विमा आणि वीज कंपन्यांना पहिल्या फेरीत वगळलं. याचं सॉफ्टवेअर देशोदेशी पुरवणारी एक कंपनी आपल्या वाशीत आहे, आयरिस.

स्वतः बघायचं असेल तर एडगरच्या शोधचौकटीत कंपनीचं नाव इंग्रजीत टाका आणि अलीकडचा वार्षिक अहवाल इनलाइन दर्शकात उघडा. ज्या आकड्यांभोवती बारीक रेघ दिसते, त्यातल्या एकावर टिचकी मारा. बाजूला एक चौकट उघडेल : चिठ्ठीचं नाव, काळ, स्केल, आणि आकडा अधिक की उणे. कंसातला एखादा खर्च निवडा आणि त्याला उणं चिन्ह लागलंय का ते तपासा.